ऑर्फाबाईंच्या टेबलाची चौथी खुर्ची

पेल्टन हॉलो या आमच्या गावातलं मतदान केंद्र मी एकदा जवळजवळ बंद पाडलं होतं. त्यासाठी ना मी दंगा केला, ना पेटी पळवली. घरच्या घरी, चहा पिता पिता, एका छापील फॉर्मवर एका चौकटीऐवजी दुसऱ्या चौकटीत फुली मारली, तिकीट लावलं आणि पत्र पेटीत टाकलं. तेही राजकारणासाठी नाही, बर्फासाठी.

मी जनावरांचा डॉक्टर. फेब्रुवारीत पहाटे साडेचारला फोन येतो, की पहिलटकरीण अडलीय, वासराचे पाय उलटे आलेत. अशा वेळी देशाचा अध्यक्ष कोण आहे याला महत्त्व नसतं. आपल्या टेकडीवरचा बर्फ कुणी उपसलाय का, याला असतं. हे काम गावच्या रस्ते अधीक्षकाचं, आणि तो निवडून यावा लागतो. आमचा गार्थ फिंच माझी टेकडी सगळ्यांत आधी साफ करायचा. एकदा त्याच्या कुत्रीच्या पोटातून मी मोजा काढला होता, ते तो विसरला नव्हता. २००८ च्या पानगळीत कुणकुण लागली, की पुढच्या वर्षी गार्थच्याच पक्षातला एक जण त्याच्याविरुद्ध उभा राहणार. आता आमच्याकडे रिपब्लिकनांची आपसातली निवडणूक तीच खरी निवडणूक, नोव्हेंबरातली नुसती अक्षता टाकायला. आणि त्या आपसातल्या निवडणुकीत मत द्यायचं तर नावापुढे त्या पक्षाची नोंद हवी. माझ्या नावापुढे डेमोक्रॅट होतं. म्हणून ती फुली.

खरं तर मी डेमोक्रॅट झालो तोही माझ्या हुशारीनं नाही. ते काम ऑर्फाबाईंचं. ऑर्फा व्हॅन आल्स्टाइन. तेहेतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवून निवृत्त झालेल्या. ज्या दिवशी मी नागरिकत्वाची शपथ घेऊन आलो, त्या संध्याकाळी त्या सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गरम ॲपल पाय आणि एक फॉर्म घेऊन दारात उभ्या होत्या. "अभिनंदन, डॉक. इथं सही कर." मी म्हटलं, कुठला पक्ष याचा मी अजून विचार केलेला नाही. "कर ना विचार," त्या म्हणाल्या, "मी थांबते. आमच्या बाजूला एक माणूस कमी आहे." ॲपल पायचा वास येत होता. मी फार वेळ विचार केला नाही.

बाजू म्हणजे टेबलाची. आमच्याकडे मतदान गावच्या बंबखान्यात होतं. आगीच्या बंबाच्या दोन्ही गाड्या बाहेर काढतात, आत हिरवट रंगाचं खटक्यांचं मतदानयंत्र उभं करतात. त्याला पडदा असतो, आत जाऊन दांडी ओढली की तो आपोआप मिटतो. समोर एक लांब टेबल आणि चार खुर्च्या, दोन या पक्षाच्या, दोन त्या पक्षाच्या. तीन-एक चालत नाही, दोन-एक चालत नाही. यंत्राचं कुलूप उघडायचं तर दोन बाजूंच्या दोघांनी. सकाळी आकडे शून्यावर आहेत हे एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पुन्हा बघायचं. कुणी म्हाताऱ्यानं मदत मागितली तर पडद्याआड दोन्ही बाजूंचा एकेक जण जायचा. एका माणसाच्या जागेत तिघं उभे राहतात आणि म्हातारा गुदमरत मत देतो.

ड्रेसबर्गला जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीत तर सगळंच जोडीनं. आयुक्त दोन, उपायुक्त दोन, कपाटाला कुलपं दोन, पत्राखाली सह्या दोन. तिथं उंदीर निघाला तर समतोलासाठी दुसऱ्या पक्षाचा उंदीर आणून सोडतात, असं लेलंड क्राउज सांगतो.

लेलंड म्हणजे समोरच्या बाजूचा मुख्य. चौऱ्याहत्तर वर्षांचा, साठ गाईंचा धनी. तो आणि ऑर्फाबाई बावीस वर्षं समोरासमोर बसत आलेत आणि त्या बावीस वर्षांत त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. खिडकी उघडी असावी की बंद, इथपासून. पण मतदार याद्यांच्या दोन वह्यांची वाटणी ठरलेली. ए ते के आडनावं ऑर्फाबाईंकडे, उरलेली लेलंडकडे. दिवसाअखेर आकड्यांच्या कागदावर दोघांच्या सह्या.

मी नवा असताना एकदा विचारलं होतं, की लेलंड काय मतं चोरणारा माणूस आहे का? मग त्याच्यावर एवढा पहारा कशासाठी? ऑर्फाबाईंनी मला एक्याण्णव सालची गोष्ट सांगितली. तेव्हा गावच्या सुपरवायझरची, म्हणजे सरपंचाची, निवडणूक दोन मतांनी फिरली. हरलेला गडी तापट. नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचे दिवस, त्यामुळे त्याच्या ट्रकमध्ये बंदूक होती. अर्थात त्या दिवसांत सगळ्यांच्याच ट्रकमध्ये असते. तो आत आला, कागद हातात घेतला, विचारलं, दोघांनी बघितलंत? दोघांनी सह्या केल्यात? मग कागद ठेवला आणि घरी गेला.

"मी लेलंडवर विश्वास ठेवते का नाही, हे त्यानं कशाला ठरवत बसायचं?" ऑर्फाबाई म्हणाल्या. "त्याला घरी जायचं होतं."

या बाईंचं माहेर रिपब्लिकन, सासर तर इतकं, की सासऱ्यांच्या दिवाणखान्यात पक्षाच्या चिन्हाचे अकरा चिनीमातीचे हत्ती होते. अठ्ठ्याहत्तर साली गावातली डेमोक्रॅटांची मुख्य बाई वारली आणि जिल्ह्यानं कळवलं, की त्या बाजूला माणूस नाही, केंद्र हलवावं लागेल. तेव्हा ऑर्फाबाईंनी जाऊन आपली नोंद बदलली. सासू एक अख्खा हिवाळा त्यांच्याशी बोलली नाही. नवरा एमेट तेवढा म्हणाला, अंगणात पाटी लावू नकोस म्हणजे झालं. त्यांनी पाटी कधीच कुणाची लावली नाही.

तर मी फुली मारली आणि विसरून गेलो. मे महिन्यात कळलं, की गार्थच्या विरुद्ध उभा राहणारा इसम दुसऱ्या राज्यात मेहुण्याच्या धंद्यात गेला. लढत होणारच नव्हती.

जुलैत एक दिवस माझ्या दवाखान्यात एक बीगल, एक मांजर आणि ऑर्फाबाई अशा तिघांची रांग होती. बाई नंबरानं थांबल्या. मांजर गेल्यावर आत आल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि टेबलावर पत्र ठेवलं. खाली दोन सह्या.

"आमच्या बाजूची खुर्ची आजवर फक्त मरणानं रिकामी झालीय, डॉक," त्या म्हणाल्या. "तू तर बरा दिसतोयस."

मी सगळं सांगितलं. गार्थ, टेकडी, वासराचे पाय. पत्र असं होतं, की पेल्टन हॉलोच्या टेबलावर आता डेमोक्रॅट एकच. ऑगस्टच्या सतरा तारखेपर्यंत त्या पक्षाचा दुसरा माणूस मिळाला नाही, तर केंद्र बंद, आणि गावानं मत द्यायला ड्रेसबर्गला यावं. मी म्हटलं, उद्याच परत फुली मारतो. त्या म्हणाल्या, ती नोव्हेंबरनंतर लागू होईल, नियम वाचायचे असतात. मग पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"म्हणजे अख्ख्या गावानं मत द्यायला एकोणीस मैल जायचं. रस्ता मात्र स्वच्छ असेल."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेच्या बसमध्ये त्या कधी ओरडत नसत म्हणे. नुसतं आरशातून बघायच्या. शेजारच्या गावाचं केंद्र तीन वर्षांपूर्वी असंच गेलं होतं, आणि तिथली निम्मी माणसं त्यानंतर मताला गेली नव्हती. आमच्याकडे टेकडीवरचा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा वॉली चालण्याची चौकट घेऊन बंबखान्यापर्यंत येतो तो ऑर्फाबाईंच्या गाडीतून. एकोणीस मैल तो येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

प्रायश्चित्त म्हणून मी गाडीवान झालो. कचेरीतून यादी आणली होती, गावात नोंदलेले डेमोक्रॅट ऑर्फाबाई सोडून सगळे मिळून सतरा. ऑर्फाबाईंनी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. एका ओळीवर मात्र रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावलेली. मला वाटलं, कुणी वारलेलं असेल.

चार शनिवार आम्ही माझ्या ट्रकमधून फिरलो. जाईल तिथं बाईंनी शाळेत पोचवलेला कुणीतरी दार उघडायचा आणि आपोआप ताठ उभा राहायचा. पन्नाशीचा एक सुतार तर तोंडातलं च्युइंगम काढून हातात लपवून बोलला. पण माणूस काही मिळेना. दोघं खरोखरच वारले होते. तिघं हिवाळाच काय, उन्हाळाही फ्लोरिडात काढत होते. एकीला जुळी झाली होती. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, गाई मतदानाच्या मंगळवारची सुट्टी देत असतील तर येतो. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं लोकशाहीतल्या समतोलावर आम्हाला पावणेदोन तास बसवून ठेवलं, लिंबाचं सरबत दिलं, आणि शेवटी सांगितलं, की त्या दिवशी त्याचं याच विषयावर दुसऱ्या गावी व्याख्यान आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोळा नावं संपली. उकाड्यानं यादीवरची चिकटपट्टी एका टोकाला सुटली होती. ऑर्फाबाई वॉलीला टोमॅटो द्यायला उतरल्या होत्या. मी ते टोक जरासं उचललं. म्हणजे पूर्णच उचललं.

क्राउज, आयवा.

आयवा म्हणजे लेलंडची बायको. ज्या घराच्या कोठारावर दर निवडणुकीला लेलंडच्या पक्षाचा चादरीएवढा फलक लागतो, त्या घरातली. मी बघतच राहिलो आणि बाई कधी परत आल्या ते कळलं नाही.

"हात काढ, डॉक."

मी म्हटलं, ऑर्फाबाई, माणूस तर इथंच आहे! कायद्यानं ही यादी कुणीही बघू शकतो, यात गुपित कसलं? तिला एकदा विचारायला काय हरकत आहे?

"कागद सगळ्यांचा असेल. बाई तिची स्वतःची आहे." त्यांनी अंगठ्यानं चिकटपट्टी परत दाबली. "माझ्या वहीत तिचं नाव आहे म्हणून मला माहीत. तिनं मला सांगितलेलं नाही. स्वतःहून आली तर आली."

आणि नाही आली तर, मी विचारलं.

"नाही आली तर एकोणीस मैल."

केंद्रासाठी ज्या बाईनं सासूचा अबोला सोसला, ती हे बोलत होती. परत येताना मी नजर रस्त्यावर ठेवली. एक शब्द काढला असता तर त्यांनी आरशात बघितलं असतं.

दोनच दिवसांनी लेलंडच्या गोठ्यात एका गाईचं पोट सरकलं आणि मला जावं लागलं. काम झाल्यावर आयवा कॉफी घेऊन आली. शांत बाई, हात सतत कशात तरी गुंतलेले. लेलंड बाहेर ट्रॅक्टरशी भांडत होता. जीभ इतकी खाजत होती, की मी गाईच्या चार पोटांची माहिती तिला क्रमानं सांगितली. चाळीस वर्षं गाई सांभाळलेल्या बाईला. तिनं ती ऐकून घेतली. मग विचारलं, ऑर्फाला माणूस मिळालं का. मी नाही म्हटलं. तिनं माझ्या हातातला कप घेतला. त्यात अजून अर्धी कॉफी होती.

मुदतीच्या आदल्या शनिवारी बंबवाल्यांचं दरवर्षीचं कोंबडीचं जेवण होतं. निखाऱ्यावर भाजलेली अर्धी कोंबडी, उकडलेलं कणीस आणि ॲपल पाय. सगळा गाव लांब बाकांवर. जेवणं होत आल्यावर ऑर्फाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सोमवारी मुदत संपतेय, माणूस मिळालेलं नाही, तेव्हा या वर्षीपासून मत ड्रेसबर्गला. ज्यांना गाडी नाही त्यांनी मला कळवावं, मी दोन फेऱ्या करीन. मी केलेल्या फुलीबद्दल अक्षर काढलं नाही. उलट म्हणाल्या, की लेलंड क्राउजनं बावीस वर्षं माझा एकही आकडा न तपासता मानला नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. लेलंडनं डोळ्यांत धूर गेल्यासारखं केलं. निखारे केव्हाच विझले होते.

आयवा ॲपल पाय वाढायच्या टेबलामागे होती. तिनं सुरी खाली ठेवली, एप्रनला हात पुसले.

"मी बसेन, ऑर्फा."

लेलंड हसला. वासराला समजवावं तसं त्यानं तिला समजावलं. "अगं, आमच्या बाजूला जागा भरलीय. माणूस त्यांच्या बाजूला हवंय."

"त्यांच्याच बाजूला म्हणतेय मी," आयवा म्हणाली. "एकतीस वर्षं झाली."

बाकांवर कणसं खायची थांबली. लेलंडच्या हातात तंगडी होती. तो तिच्याकडे बघत राहिला, बायकोकडे नाही, तंगडीकडे. मग हळूच ऑर्फाबाईंकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"माझी वही ए ते के आहे, लेलंड."

"बावीस वर्षं माझ्यासमोर बसतेस तू."

"तुझ्या वहीत काय आहे ते मी विचारलं का कधी?"

लेलंडनं आधी तंगडी संपवली. हाड ताटाच्या कडेला नीट ठेवलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारातला प्रश्न होता. आम्ही सगळेच थोडे खाली बघत होतो. शेवटी त्यानं आयवाला विचारलं, "मग त्या दिवशी गाईंचं दूध कोण काढणार?"

"एखादा रिपब्लिकन बघ," आयवा म्हणाली आणि परत ॲपल पाय कापायला लागली.

हसायला सुरुवात लेलंडनंच केली की दुसऱ्या कुणी, यावर गावात अजून दोन मतं आहेत. दूध अर्थातच मी काढलं. त्या वेळी मी गावातला सगळ्यांत नवा रिपब्लिकन होतो.

नोव्हेंबरात टेबल भरलं, दोन आणि दोन. क्राउज नवराबायको एकाच ट्रकमधून आले आणि समोरासमोर बसले. सकाळी यंत्राचं दार उघडून लेलंडनं वाचलं, शून्य. आयवानं चष्मा काढला, पुसला, लावला, म्हणाली, थांब, मला बघू दे. तिनं सगळे आकडे बोट लावून बघितले. लेलंड ऑर्फाबाईंना म्हणाला, की घरी हेच चालतं, आता हिला कायद्याचीही साथ मिळाली. खिडकी त्या दिवशी उघडी राहिली. त्या प्रश्नावर दोघी एका बाजूला पडल्या होत्या आणि लेलंडच्या शेजाऱ्याला उकडत होतं.

दूध काढून, अंघोळ करून मी मताला गेलो तेव्हा ऑर्फाबाईंनी वर बघितलं. चोवीस वर्षं ओळखतात मला.

"नाव?"

मी सांगितलं.

"पत्ता?"

तोही सांगितला. त्यांनी वहीत पट्टी लावून ओळ शोधली, सही घेतली, आधीच्या सहीशी ताडून पाहिली आणि शेजारी आयवालाही दाखवली. वॉली चौकटीसकट पडद्याआड होता, सोबत लेलंड, आणि त्यांची वाट बघत मी उभा होतो. आतून वॉलीचा आवाज आला, की लेलंड, माझ्या पायावरून तुझा पाय काढ. आयवा उठली आणि तीही आत शिरली, कारण दुसऱ्या बाजूचं माणूस हवं.

त्या दिवशी दोनशे नऊ मतं पडली. गार्थ बिनविरोध आला. कागदावर सह्या झाल्या, क्राउज आणि व्हॅन आल्स्टाइन, आणि खाली आणखी एक क्राउज.

पुढच्या आठवड्यात ऑर्फाबाई सकाळी दवाखान्यासमोर गाडी घेऊन उभ्या. म्हणाल्या, चल ड्रेसबर्गला, तुझा फॉर्म हातोहात देऊ, पोस्टानं तू काय पाठवतोस ते आम्ही बघितलंय. आता आयवा आहे, मग माझी घाई कशाला, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, मी एकोणऐंशीची आहे, तूच मोज.

ड्रेसबर्गच्या वाटेवर गाव सुटताना रेल्वेचे रूळ आडवे येतात. त्यांवरून एकाहत्तर सालानंतर गाडी गेलेली नाही. मधे बर्चची झाडं उगवलीत. पण शाळेच्या बसनं प्रत्येक रुळाशी थांबायचं, दार उघडायचं आणि कान द्यायचा, असा कायदा. बस सोडून सतरा वर्षं झाली तरी ऑर्फाबाई आपल्या गाडीतही थांबतात. त्या थांबल्या, काच खाली केली. गार वारा आत आला. मागं गार्थचा बर्फ उपसायचा ट्रक येऊन उभा राहिला. त्यानं भोंगा वाजवला नाही. तोही त्यांच्याच बसमधला.

मांडीवर माझा फॉर्म होता. त्या टेबलावर बसायला लागल्यापासून, बारा वर्षं, मनात एक प्रश्न होता. हत्तींच्या घरातली सून, खुर्चीसाठी डेमोक्रॅट झालेली, अंगणात कधी पाटी न लावणारी. मी म्हटलं, ऑर्फाबाई, आता आयवाचंही सगळ्यांना कळलं. मला एकट्यालाच सांगा, पडद्याच्या आत गेल्यावर तुम्ही खटका कुणाचा खाली करता?

त्यांनी रुळांच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं, काच वर केली आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

"पडदा काय वारा लागू नये म्हणून लावलाय?"